माव्याचा रोजा

आमच्या घराला पपईचा वास होता. कुणाच्या घराला उदबत्तीचा असतो, कुणाच्या घराला फोडणीचा. आमच्या घराला पिकत आलेल्या पपईचा, म्हणजे थोडा गोड, थोडा उग्र, आणि सवय नसलेल्या माणसाला डोकं धरायला लावणारा. भवानी पेठेत वर आमच्या दोन खोल्या आणि खाली एक लांबट अंधारी खोली होती, तिला आम्ही अढीची खोली म्हणायचो. अब्बा फळवाले. उन्हाळ्यात त्या खोलीत आंब्याची अढी लागायची आणि एरवी बाराही महिने रद्दीच्या कागदात गुंडाळलेल्या पपया ओळीने निजलेल्या असायच्या. कुठली आज उठेल आणि कुठली परवा, हे अब्बा नुसतं देठापाशी नाक नेऊन सांगायचे. पहाटे हातगाडीची चाकं फरशीवर खडखडली की आमची झोप मोडायची, मग शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागायचा, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत अम्माचं बोलणं सुरू व्हायचं ते रात्री दिवा मालवेपर्यंत. मी बोलकी आहे असं माझी सून म्हणते. तिने माझी अम्मा ऐकायला हवी होती.

अब्बांचा गाळा मंडईत. मॅट्रिकला माझं गणित गेलं तेव्हापासून मी तिथे दुपारपर्यंत बसायची. गणित गेलेली मुलगी गिऱ्हाइकाचा हिशेब करते यावर आजूबाजूचे गाळेवाले फार खूश असायचे. एक दिवस एक उंच, सडसडीत बाई आल्या. सुती नऊवारीच्या जमान्यात पाचवारी, पायात पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी गाळ्यावरच्या सगळ्या पपया उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "डाग पडलेली आहे का एखादी?"

अब्बांनी हातातला तराजू खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाईक डागावरून भांडतंय. तुम्हाला डागच हवा असेल, तर आपलं उद्यापासून कायमचं जमलं."

त्या लेलेबाई. शिवाजीनगरच्या बाजूला शेतीच्या संशोधनाची एक जागा होती, तिथे त्या पिकांच्या रोगांवर काम करायच्या. मी गाळ्याखालून टाकाऊ पपयांची पाटी ओढली. त्यातल्या काही मी आधीच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, कारण त्यांच्यावरचा डाग दाबाचा नव्हता, मार लागल्याचा नव्हता. सालीवर बारीक बारीक बांगड्या उमटल्यासारखी वर्तुळं होती आणि बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. वेगळ्या का काढल्या, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, दिसायला बऱ्या वाटल्या. खरं कारण एवढंच होतं. बाई हसल्या, पपया कुठल्या गावच्या ते अब्बांकडून विचारून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. असं दोनतीनदा झाल्यावर त्यांनी अब्बांना विचारलं की ही मुलगी आमच्याकडे कामाला पाठवता का. हंगामी जागा आहे, दिवाळीपर्यंत बघू, जमली तर पुढे ठेवून घेता येईल.

काम काय, असं अब्बांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मावा पाळायचा.

आता आमच्या घरात मावा म्हणजे खवा. शीरखुर्म्यात पडतो तो, ईदला वड्यांना लागतो तो. अम्माने ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की फळवाल्यांची जुबेदा सरकारी मिठाईच्या कामाला लागणार. शेजारच्या खालांनी ईदसाठी थोडा मावा सांगूनसुद्धा ठेवला. खरा प्रकार कळला तेव्हा अम्मा तवा खाली उतरवून माझ्याकडे बघत बसली. मावा म्हणजे पिकाच्या कोवळ्या शेंड्यांवर चिकटून रस पिणारे ते बारीक, मऊ, हिरवे किडे. दुनियेच्या बायका किडे मारतात आणि तू पाळायला जाणार, असं ती म्हणाली. वर हे किडे आजारी झाडाचा रोग निरोगी झाडाला नेऊन लावतात, आणि ते नीट लावतात की नाही हे बघणं हेच तुझं काम, हे समजल्यावर तिने तवा परत चुलीवर ठेवला आणि अब्बांना म्हणाली, "सुनो जी, हकीम के यां नइं, बीमारी के यां नोकरी लगी तुमारी बेटी."

अब्बांनी मात्र अढीतली एक पपई हातात घेऊन बराच वेळ फिरवली. त्यांच्या ओळखीचे दोन बागाईतदार त्या वर्षी बागा उपटून मोकळे झाले होते. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, शेंडा आकसलेला, देठावर तेलकट रेघा, आणि मग फळच धरत नाही. रोग कोण आणतं ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी पाण्यावर ढकलायचं, कुणी बियाण्यावर, कुणी शेजाऱ्याच्या नजरेवर. अब्बा म्हणाले, ईदपर्यंत जा. जमलं तर जमलं. नाही तर येरवड्याला खालाकडे शिवणकामाला जायचंच आहे. माझी धाकटी खाला, म्हणजे मावशी, येरवड्यात शिवणाचा वर्ग चालवायची. तिथे मी गेले असते तर आयुष्यभर काजं-बटणं करत बसले असते. काजं-बटणं वाईट नाहीत, पण मला त्यांचा कंटाळा यायचा आणि अजून येतो.

ती जागा मला पहिल्या दिवसापासून आवडली. दोन काचघरं होती, मध्ये एक शेड, आणि भोवती चिंचेची जुनी झाडं. एका काचघरात निरोगी रोपं, दुसऱ्यात आजारी. सकाळी कामावर आलं की आधी निरोगी घरात जायचं, तिथलं सगळं आवरायचं, आणि मगच आजारी घराचं दार उघडायचं. एकदा आजारी घरात पाऊल पडलं की त्या दिवशी परत निरोगी घराकडे फिरकायचं नाही, कारण अंगावर, केसांत, पदरात एखादा मावा येऊ शकतो. हा नियम मला समजावून सांगायचं काम कुसुमताईंकडे आलं. कुसुमताई तिथे आधीपासून होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, कसब्यात राहणाऱ्या, केसांचा सुपारीएवढा अंबाडा आणि कमरेला कायम ओचा खोचलेला. त्यांनी दोन्ही दारांकडे बोट दाखवून सांगितलं, हे सोवळ्यातलं आणि ते ओवळ्यातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कसं सांगू आता?" मी म्हटलं, सांगा तसंच, कळलं मला. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू केल्यावर आम्हीसुद्धा कुठेही हात लावत नाही. त्यांना वजू माहीत नव्हतं, तेही मी सांगितलं. आमची मैत्री तिथपासूनची.

निरोगी मावा आम्ही मुळ्याच्या पाल्यावर वाढवायचो, जाळीच्या पिंजऱ्यात. त्याला उचलणं ही एक कला आहे, आणि ती मला लेलेबाईंनी स्वतः शेजारी बसून शिकवली. मावा पानात सोंड रुतवून बसलेला असतो. तसाच ओढला तर सोंड मोडते आणि तो कामातून जातो. म्हणून बारीक ओल्या ब्रशाने आधी त्याच्या पाठीवर हलकेच गुदगुली करायची. तो चुळबुळतो, सोंड काढून घेतो, चालायला लागतो, आणि मग ब्रशाच्या टोकावर अलगद घ्यायचा. पहिल्या दिवशी मी किती माव्यांच्या सोंडा मोडल्या ते अल्ला जाणे. पण आठवड्याभरात हात बसला. आजही चहात मुंगी पडली की मी ती बोटाने काढत नाही, पोथीतल्या पानासारखी उचलते, आणि नातवंडं हसतात.

पुढचं काम असं असायचं. मावा काचेच्या नळीत घालून, तोंडाला मलमल बांधून तासभर उपाशी ठेवायचा. मग तो आजारी पपईच्या पानावर सोडायचा, अगदी थोडा वेळ, भिंग घेऊन बघत बसायचं. त्याने पानाला टोचलं की उचलून तिथेच आणून ठेवलेल्या निरोगी रोपावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी औषध मारून त्याला संपवायचं आणि रोपाला रोग लागतो का ते बघत दोनतीन आठवडे थांबायचं. माझ्या आधी हे सगळं एक पदवीवाला मुलगा एकटाच करायचा. तो मोठी नोकरी लागून गेला. बाईंनी कामाची वाटणी केली: उपाशी ठेवायचं कुसुमताईंनी, कारण त्या सकाळी लवकर येत, आजारी पानावर सोडून रोपावर ठेवायचं मी, कारण माझी नजर बारीक.

आणि रोपांना रोग लागेना.

तो मुलगा होता तेव्हा बहुतेक रोपं आजारी पडायची. माझ्या हातून एखादं पडायचं, बाकीची सगळी हिरवीगार, टवटवीत, पानं हलवत उभी. घरी येऊन मी सांगितलं की झाडं आजारी पडत नाहीत म्हणून मला काळजी लागली आहे, तेव्हा अम्मा म्हणाली, या घरात शहाणी मीच एकटी उरले. पण मला रडू यायचं. बाईंनी पहिल्यांदा रोपं बदलली, मग मावा बदलला, मग मला शेजारी बसवून माझा हात बघितला आणि हातात खोट नाही म्हणाल्या. तरी निकाल तसाच. दसऱ्याच्या आधी त्यांनी मला बोलावलं. बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळे फार भीती वाटायची. त्या म्हणाल्या, "जुबेदा, एकदा शेवटचं करून बघू. नाही जमलं तर मला कॉलेजातला कुणी मुलगा मागवावा लागेल. तुझ्यावर राग नाही माझा. पण काम अडलंय." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन चिंचेखाली उभी राहिले. काजं आणि बटणं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

त्या वर्षी रमजान आणि नवरात्र एकाच वेळी आले होते. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि काचघरातलं तर विचारूच नका. पहाटे उठून अम्मा दुधात फेण्या घालून द्यायची, कधी रात्रीची पोळी आणि खिमा, वरून तांब्याभर पाणी पाजायची, उंटाला पाजतात तसं. मग दिवस मावळताना होणाऱ्या मगरिबच्या बांगेपर्यंत घशाखाली थेंब नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही, लहानपणापासूनची सवय. संध्याकाळी घरी खजूर, भिजवलेले चणे, कांदाभजी, आणि गाळ्यावर उरलेल्या फळांची अब्बांनी स्वतः कापलेली चाट असायची. तिच्यात पपईच जास्त, हे वेगळं सांगायला नको. तिकडे कुसुमताईंचे नऊ दिवस उपास. दुपारी शेडमध्ये त्यांचा डबा उघडला की पत्र्यापर्यंत तुपाचा वास जायचा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ, उपासाची बटाट्याची भाजी, एखाद्या दिवशी राजगिऱ्याचा लाडू, आणि सोबत थर्मासात चहा. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, ताई, तुमचा उपास उद्यापासून का? त्या फार दुखावल्या. म्हणाल्या, आजच आहे, दिसत नाही का?

तर अष्टमीच्या दिवशीची गोष्ट. शेवटच्या चाचणीचा मावा दुपारनंतर सोडायचा होता. ऊन मी म्हणत होतं. कुसुमताईंनी डबा उघडला आणि मी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून, ओढणीने वारा घेत बसले होते. माझे ओठ सुकलेले त्यांना बघवेनात.

"अगं, पाणी तरी पी घोटभर."

"नाही चालत, ताई."

"पाण्याने काय होतंय? पाणी काय धान्य आहे?"

मी म्हटलं, रोजा म्हणजे रोजा. पाणी नाही, काही नाही, थुंकीसुद्धा मुद्दाम गिळायची नाही. कुसुमताईंनी चमचा डब्यात ठेवला. हा माझा धर्म नाही, तरी मला हे बघवत नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "आम्ही नाही बाई असं कोरडं ठेवत कुणाला. उपास झाला तरी जिवाला काहीतरी आधार लागतोच. त्या माव्याला नाही का, बाई म्हणतात उपाशी ठेवा, ठेवते मी. पण टिकलीएवढं मुळ्याचं पान टाकते नळीत. फराळाला."

मी वारा घेणं थांबवलं.

"कधीपासून टाकता, ताई?"

"पहिल्या दिवसापासून. आणि तुझ्याकडे नळी द्यायच्या आधी उष्टं पान काढून टाकते. ताट उचलायला नको का?"

हे लिहिताना आज मला हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. सगळं त्या टिकलीएवढ्या पानात होतं. बाईंनी मला नीट समजावून दिलेलं होतं की भरल्या पोटाचा मावा पानावर नुसता बसून राहतो, आणि टोचलंच तर खोल सोंड घालून निवांत पीत बसतो. भुकेला मावा तसं करत नाही. तो अधाशासारखा इथे टोच, तिथे टोच, वरवर चव घेत फिरतो. आणि त्या वरवरच्या टोचण्यातच रोग त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडाला जाऊन लागतो. भूक हीच त्या कामाची किल्ली. कुसुमताईंच्या नळीतून येणारा मावा जेवून, हात धुऊन आलेला असायचा. म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता. मी येरवड्याला न जाता इथे राहू शकत होते. पण हे बाईंना कळलं, तर या माझ्यासमोर खिचडीचा डबा धरून बसलेल्या बाईचं काय होईल, ते मला माहीत नव्हतं. त्या विधवा होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांनी केलेलं सगळं एका किड्याच्या दयेपोटी केलेलं होतं.

मी त्यांना हळूहळू सांगितलं. भूक कशासाठी आहे ते, सोंडेचं ते, रोपं का लागत नव्हती ते. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे माझ्या फराळाने तुझी नोकरी जात होती का गं?"

मी म्हटलं, आपण नाही सांगायचं बाईंना. आजपासून पान टाकू नका, बास. रोपं लागली म्हणजे झालं. हे मी मनापासून म्हटलं होतं. पण कुसुमताई कसब्यातल्या. त्यांनी ओचा खोचला, उठल्या, आणि चपला न घालताच बाईंच्या खोलीकडे निघाल्या. मी मागे धावले.

बाई टेबलावर वाकून काहीतरी बघत होत्या. कुसुमताईंनी दारातूनच सगळं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासून, मुळ्याच्या पानासकट, एका दमात. बाईंनी चष्मा काढला.

"कुसुमताई, मी 'उपाशी ठेवा' म्हटलं होतं. 'उपासाला ठेवा' नव्हतं म्हटलं."

"बाई," कुसुमताई म्हणाल्या, "आमच्यात त्या दोन्हींत फरक साबुदाण्याचाच असतो."

बाईंचे खांदे आधी हलले. मग त्या खुर्चीत मागे टेकून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्या कधी अशा हसलेल्या मी नंतरही पाहिल्या नाहीत. चूक माझीच, त्या म्हणाल्या, पुण्यात राहून असा मोघम शब्द वापरायला नको होता. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्यात पाणीसुद्धा चालत नाही, त्याला काय म्हणता? मी म्हटलं, रोजा. "ठीक," बाई म्हणाल्या, "आजपासून मावा उपाशी ठेवायचा नाही. रोज्याला बसवायचा. कळलं का, कुसुमताई?"

कळलं, कुसुमताई म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी नळ्या भरल्या, मलमल बांधली, आणि पूर्ण तास नळ्यांसमोर स्टुलावर बसून राहिल्या. थर्मास उघडला नाही. मी म्हटलं, ताई, चहा घ्या ना. तर म्हणाल्या, "त्यांचं होऊ दे आधी. त्यांच्यासमोर कसं प्यावं." मग मी एकेक मावा उचलला, आजारी पानावर सोडला. त्या दिवशी भिंगातून मी पहिल्यांदा पाहिलं की भुकेला मावा कसा वागतो. पाय टेकले न टेकले तोच सोंड खाली, लगेच वर, दोन पावलं, परत खाली. मंडईत दर गाळ्यावर एकेक द्राक्ष तोंडात टाकत जाणारी आणि काहीच न घेणारी गिऱ्हाइकं असतात ना, अगदी तशी.

त्यानंतरचे आठवडे फार लांब होते. रोज सकाळी आधी सोवळ्यातलं आवरायचं आणि मग तिकडे जायचं, हे चुकवता यायचं नाही, नाही तर मी उठल्या उठल्या तिकडेच धावले असते. दसरा गेला. कोजागिरीला कुसुमताईंनी आटवलेलं दूध आणलं, ते मी संध्याकाळी घरी नेऊन प्यायले. रोपं उभी होती. अब्बा काही विचारायचे नाहीत, फक्त चाट कापताना माझ्या ताटलीत एक फोड जास्त टाकायचे. अम्माने शिवणाची कात्री धार लावून आणली होती. ती माझ्यासाठी आहे असं ती म्हणाली नाही, पण घरात दुसरं कुणी शिवणारं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकमेकींना जवळजवळ लागून आल्या. धनत्रयोदशीच्या सकाळी मी आजारी घराचं दार उघडलं तर कुसुमताई आधीच आत, रोपांपुढे उकिडव्या बसलेल्या. मला हाताने खुणावलं. वरच्या कोवळ्या पानावर शिरांच्या मधून फिकट हिरवे-पिवळे चट्टे होते, कुणी पाण्यात बोट बुडवून शिंपडावेत तसे. शेजारच्यावर तेच. त्याच्या शेजारच्यावर तेच. जवळजवळ सगळी ओळ. कुसुमताईंनी माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी आजारी रोपांपुढे बसून हसत होतो आणि रडत होतो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघींना वेड लागलंय म्हणाला असता. बाई आल्या, त्यांनी एकेक पान उलटं करून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ईद झाली की ये. रजा कमी घे. कामं खूप आहेत."

घरी आले तेव्हा अब्बा अढीच्या खोलीत होते. मी सांगितलं, झाडं पडली आजारी. सगळी. अब्बांनी हातातली पपई खाली ठेवली आणि वरती अम्माला हाक मारून म्हणाले, "अगे, कैंची दे दे किसे तो बी. जुबी नइं जाती येरवडा."

ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्माने डबा भरून दिला. एका कप्प्यात शीरखुर्मा, एका कप्प्यात वड्या. कुसुमताईंनी माझ्यासाठी चकल्या आणि अनारसे आणले होते. शेडमध्ये बसून आम्ही डबे बदलले. त्यांनी वडी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि विचारलं, कशाची आहे गं? मी म्हटलं, माव्याची. हात जो थबकला तो मी खव्याचा उलगडा करेपर्यंत तसाच राहिला. मग खाल्ली, आणि म्हणाल्या की अम्माला सांग, नाव तेवढं बदल, चव उत्तम आहे.

मी तिथे नोकरीला लागले ती निवृत्त होईपर्यंत राहिले. गणित मी नंतर बाहेरून दिलं आणि सुटलं. पुस्तकातलं बाकीचं लेलेबाईंच्या कपाटातली पुस्तकं वाचून, अडलेलं विचारून, चुकत माकत शिकले. पुढे बाईंनी आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पपईच्या बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावून पाहिल्या. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे चव बघत टोचतो, आणि सोंडेच्या टोकाला लागलेलं मक्यावरच पुसलं जातं. मक्याला त्या रोगाचं काही होत नाही. म्हणजे पाहुणा तोंड पुसून मग घरात येतो. रोग संपला नाही, संपत नाही, पण बागा आधीपेक्षा जास्त दिवस उभ्या राहिल्या. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांच्या त्या दोन बागाईतदारांना माझ्यासमोर गाळ्यावर बोलावून ऐकवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. कुसुमताई आता नाहीत. शेवटपर्यंत नवरात्रातला एक दिवस त्या कडक करायच्या, पाण्याशिवाय. विचारलं तर म्हणायच्या, हा माव्याचा.

आता मी येरवड्यातच राहते, मुलाच्या घरी. शेवटी यायचं तिथे आलेच, फक्त काजं-बटणं टळली. खालच्या मजल्यावर अमरावतीकडचं एक कुटुंब आहे, त्यांची सायली शेतकीच्या पुढच्या शिक्षणाला आहे आणि आमच्याच जुन्या जागी प्रोजेक्ट करते. परवा संध्याकाळी आली होती. काय करतेस सध्या, असं मी विचारलं. म्हणाली, आजी, खूप बोअर आहे, रोज सकाळी अफिड्सना, म्हणजे माव्याला, रोझा मेथडने ठेवायचं, मग इनॉक्युलेशन.

मी विचारलं, कुठली मेथड म्हणालीस?

"रोझा जी. आमच्या लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात. काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रोझा म्हणून कोणी सायंटिस्ट असन न, तिच्या नावावरून. मी गूगलवर पाहिलं, पण भेटलं नाही. जर्मन असन बहुतेक."

मी वड्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली. मग म्हटलं, असेल. पण तिची एक मैत्रीण होती हो, कसब्यात राहायची, खिचडी फार छान करायची.

"आजी, तुमचं काहीही असतं," असं म्हणत सायलीने समोरच्या ताटलीतली वडी उचलली, अर्धी खाल्ली, आणि मस्त आहे, कशाची आहे म्हणून विचारलं.

मी म्हटलं, आधी पुरती खा, मग सांगते.